तुपाच्या डब्याची जीप

तारापूर, शनिवार, ११ नोव्हेंबर १९६७

तुपाच्या डब्याच्या पत्र्याची जीप झाली एकदाची! इथल्या अणुवीज केंद्राच्या साइटवरच्या जीपची एक वीत म्हणजे माझ्या जीपचं एक बोट, असं माप धरलेलं. लांबी मी मोजली, रुंदी माझ्याच खोलीत राहणाऱ्या शिरपानं. त्याचा पंजा माझ्या दीडपट, हे ध्यानातच नाही आलं! गाडी अरुंद झाली.

खऱ्या जीपचे ड्रायव्हर गणूकाका, शेजारच्या घिवली गावचे. त्यांनी ओळखली तरच खरी, असं मी ठरवलेलं.

काकांनी ती हातात घेतली. "जीप हाय का बोंबील?"

शिरपा हसून लोळलाच. माझं तोंड उतरलं. मग काकांचं बोट डाव्या मडगार्डवर थांबलं. तिथं मी मुद्दाम खऱ्या जीपसारखा पोचा पाडलेला.

"अरे, हा पोचा माजाच! माजीच गाडी हाय ही!"

पोच्यानंच तारलं. काकांनी मागितली, मी दिली. संध्याकाळी काकांची जीप समोरून गेली, तर काचेआड माझा बोंबील ऐटीत बसलेला.