बंदरकडचं वादळ

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

बाळी वेस, सोलापूर
ता. ६ डिसेंबर १९७७

चि. रुद्रप्पा यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे. आजवर हे वाक्य पत्रात सवयीनं लिहीत आले, आज खरं म्हणून लिहिते. माझा सोमलिंग जिवंत आहे. शनिवारी घरी आला. ट्रकवाल्याबरोबर निरोप दिला होता, पण तो गडी एकाचं दोन करून सांगतो, म्हणून हे पत्र.

तू पाठवलेलं ज्वारीचं पोतं पोचलं. दुखवट्याच्या घरी माहेरचे दाणे जावेत म्हणून पाठवलंस, पण सोबत चार ओळी नाहीत. तू रागीट आहेस हे मला काय आज कळलं? पोतं मी परत पाठवणार नाही. त्याच ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि ज्याच्या नावानं ती आली त्यालाच पहिली वाढली. त्याला हे सांगितलं तर लई हसला. दोघंही हसली. म्हणजे एकीला समजावून सांगावं लागलं, ते लिहिते पुढं.

तुझा दमा कसा आहे? आडतीवरच्या धुळीत दिवसभर बसू नकोस, तोंडाला उपरणं बांधत जा.

वादळाचं तू रेडिओवर ऐकलंच असशील. मच्छलीपट्टणला तिकडचे लोक बंदर म्हणतात. सोमलिंग ज्या पेढीकडून तिकडं कामाला आहे, तिचं चादरींचं गोदाम समुद्राकडच्या बाजूला आणि तो झोपायला तिथंच. आपण समुद्र कधी पाहिला नाही रे. मला वाटलं जोराचा पाऊस झाला असेल, छपरं उडाली असतील. मग पेपरात आलं की ताडाच्या उंचीचं पाणी चालून आलं आणि गावंच्या गावं धुऊन गेली. माणसं हजारांनी मेली. तारा तुटल्या, फोन बंद. मी रोज पेढीच्या पायरीवर जाऊन बसायची. शेटजी घरी जा म्हणायचे, मी हलायची नाही.

मग एके दिवशी विजयवाड्याहून, म्हणजे बेजवाड्याहून, ट्रंक कॉल आला. पेढीचा तिकडचा एजंट बोलत होता. इकडून फोन घेतला दिवाणजी नरसय्यानं, तो आपल्या पूर्व भागातला तेलुगू माणूस, लई सरळ. लाइन इतकी खरखरत होती की तो "हलो, हलो" करून ओरडायचा आणि मला त्याची पाठ तेवढी दिसायची. फोन ठेवून तो माझ्याकडं वळला. मी म्हटलं, बोल बाबा. तेव्हा खाली बघून म्हणाला, "अव्वा, पोयाडु म्हणाला तो."

पोयाडु म्हणजे गेला. नरसय्याला अर्थ सांगावा लागला नाही. आपल्या कानडीत होदा, मराठीत गेला, त्यांच्यात पोयाडु. तिन्ही भाषांत माणूस गेला म्हटलं की कुठं गेला हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. घरी आले, चूल विझवली. गल्लीतल्या बायका भाकरी घेऊन यायच्या, स्वामी येऊन चार शब्द सांगून जायचे. मला रडू आलं नाही. माझं आता काय राहिलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. तुला तार करायला सगळ्यांनी सांगितलं. मी करू दिली नाही. तार मिळूनही तू आला नसतास तर मी काय केलं असतं, सांग. बातमी बाजारातून तुझ्यापर्यंत पोचली ती वेगळी.

आणि शनिवारी दुपारी दारात "अव्वा" म्हणून हाक. मी त्याला आधी शिव्या दिल्या. एवढ्या दिल्या की शेजारची शिवबाई धावत आली, तिला वाटलं मला वेड लागलं. मग त्याचं तोंड, हात, गळ्यातलं इष्टलिंग, सगळं चाचपून बघितलं, आणि तेव्हा जे रडू फुटलं ते संध्याकाळपर्यंत आवरलं नाही.

एजंट फोनवर म्हणाला होता, ऊरिकि वेळ्ळिपोयाडु. म्हणजे गावाकडं निघून गेला, सोमलिंग त्याला तसं सांगूनच निघाला होता! फोनच्या तारेतून आधीचं सगळं गळालं आणि शेपूट तेवढं सोलापूरला पोचलं. नरसय्या येऊन माझे पाय धरायला लागला. मी त्याला पाटावर बसवला आणि पोटभर जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. सोमलिंगनं वाटेतून तार केली म्हणतो. ती अजून यायचीय.

आता तू म्हणशील, वादळाच्या आधीच तो गोदाम सोडून का निघाला? ऐन हंगामात, शेटजींना न विचारता? रुद्रप्पा, हे लिहायचं म्हणून मी सकाळपासून इकडचं तिकडचं लिहितेय. तो एकटा नव्हता. बायकोला घेऊन निघाला होता.

पत्र खाली ठेवू नकोस, वाच. पोरीचं नाव सत्यवती. बंदरजवळच्या एका खेड्यातल्या विणकराची मुलगी. गेल्या वैशाखात तिकडंच देवळात लग्न केलं. मला कळवलं नाही, तुझ्या भीतीनं आणि माझ्याही. तिला दिवस गेले, पोट दिसायला लागलं, तेव्हा आईच्या पायावर घालावी म्हणून गाडीत बसवली. दुसऱ्याच दिवशी वादळ आलं. गोदामाचा दगडसुद्धा जागेवर नाही. ती नसती तर तो तिथंच झोपला असता. आधी कळलं असतं तर तू आणि मी जिच्या नावानं बोटं मोडली असती, तिच्यामुळं पोरगा वाचला.

हैदराबादला त्यांना कळलं. ती परत फिरा म्हणाली. बेजवाड्यापर्यंत गेली दोघं, पुढं रस्ताच नव्हता. वाट बघितली, माणसांना विचारलं. तिच्या घरचं कोणी सापडलं नाही. बाप, आई, भाऊ, कोणीच नाही.

माझं तेलुगू तुला माहीत आहे. ती बोलते, सोमलिंग सांगतो. आपण वय दुष्काळावरून सांगतो, ते वादळावरून सांगतात. आजा अमक्या वादळात जन्मला, आजी तमक्या वादळात गेली. त्यांच्या पणज्याच्या काळी एका रात्रीत समुद्र बंदर गिळून गेला होता, ती गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली. बाप म्हणायचा, तसं पाणी आता पुन्हा येत नाही. मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

तुझ्या महादेवीचं मी विसरले नाही. पाळण्यात असल्यापासून ती माझी सून म्हणून ठरलेली, आणि माझ्या पोरानं नाही म्हटलं, तुझी मान बाजारात खाली गेली. तू माझा उंबरा चढणार नाही म्हणालास, मी तुला दोष दिला नाही. ती तिच्या घरी सुखात आहे, तिच्या पोराचं कौतुक मी दुसऱ्यांकडून ऐकते.

आता मागायचं ते मागते. सत्यवतीला सातवा लागला आहे. पुढच्या सोमवारी तिचा कुबसा करायचा, इकडं डोहाळजेवण म्हणतात ते. माहेरच्यांनी हिरवं लुगडं आणि खण आणायचा, बापानं तो पोरीच्या ओटीत घालायचा. तिला माहेर कुठलं? गल्लीतला कोणीही उभा राहील, पण मला कोणीही नको. तू ये. सोमलिंगचा मामा म्हणून नको, सत्यवतीचा बाप म्हणून ये. शपथ मोडायचं तुझ्यावर पाप नको. तू माझ्या घरी येऊच नकोस, रुद्रप्पा. तू तुझ्या लेकीच्या घरी ये.

जी आजवर तुझी अक्का होती आणि सोमवारी तुझी विहीण होऊ पाहते, ती
गौरम्मा