पडून असलेल्या पेटीविषयी

सोलापूर,
ता. १२ सप्टेंबर १९७६

रा. रा. हिंदुराव भावजी यांस,

वहिनीचा नमस्कार, आणि मी वयाने मोठी म्हणून आशीर्वादही. दोन्हींतला जो पसंत पडेल तो घ्यावा. इकडे सर्व ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाई बजाबाईंचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांचा काढा नको, तुमची विडी बंद करा. विड्या वळून पोट भरणारी बाई हे सांगते आहे, तेव्हा खरं मानायला हरकत नाही.)

तुमचं पत्र मिळालं. दादांची बाजाची पेटी ते गेल्यापासून चार वर्षं नुसती पडून आहे, मैंदर्गीच्या भजनी मंडळाची पेटी मोडली आहे, तेव्हा दसऱ्याला येऊन घेऊन जातो, असं तुम्ही लिहिलंत. रीतसरच लिहिलंत. भावाची वस्तू भावाने नाही मागायची तर कुणी? फक्त ‘पडून आहे’ एवढे दोन शब्द तेवढे खोडा. गेल्या वर्षीच्या नागपंचमीपासून ती पडून नाही. मी वाजवते. हसून झालं की पुढे वाचा.

पहिली तीन वर्षं मी तिला हात लावला नव्हता, हे खरं. खोळ चढवून भिंतीशी ठेवली होती. मनात वेडेपणा असा, की भात्यात अजून त्यांनी भरलेली हवा असेल, आणि उघडली की ती जाईल. शेवटी धीर करून उघडली तर आत उंदरीण व्यालेली, आणि भात्याला दोन भोकं. म्हणजे हवा केव्हाच गेली होती आणि मी तीन वर्षं उंदरांची राखण करत होते. बँडवाल्यांचं सामान दुरुस्त करणाऱ्या नबीसाबांकडे नेली. “भाबी, इसमें तो पूरा खानदान बस्या है,” म्हणाले, आणि कातडं लावून भाता सांधून दिला. वर विचारलं, वाजवणार कोण? मी म्हटलं, मी. त्यावर त्यांनी भाता मारून हवा कुठे निसटते का ते बघितलं. मग म्हणाले, “हौ, बजाओ ना. पेटी को क्या मालूम, कौन बजा रहा!”

वेळ कुठून काढला, हे तुम्ही विचारालच. सकाळी विडीचा पाला भिजवून किलतानाच्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवावा लागतो, नाहीतर वळताना फाटतो. पाला मऊ होईपर्यंत बाईला काही काम नसतं, म्हणजे केर, पाणी आणि भाकरी एवढंच असतं. त्यातली भाकरी मी आदल्या दिवशीची कडक खाऊ लागले आणि रोजचा पाव तास मोकळा केला. तेवढाच पाव तास, पण रोज, सणवार आणि ताप आलेले दिवस धरून.

शिकवायला कुणी नाही. पण वाचायला तरी कुणी शिकवलं होतं? वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवता सोडवता मी जाड पुस्तकांपर्यंत आले, तशीच पेटीही येईल असं मला वाटलं. वाचनालयातून पेटीचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, प्रथम सा धरावा. कुठे धरावा ते ज्या पानावर होतं ते पान कुणीतरी फाडून नेलेलं. (त्याला तरी सापडला असेल अशी आशा आहे.) मग आठवलं, तुमचे दादा म्हणायचे, आपला सा म्हणजे मिलचा भोंगा. झालं! रोज भोंग्याला कान लावायचा आणि एकेक पट्टी दाबून बघायची. आठवड्याने जुळली.

त्या आनंदात दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच बसले आणि ती एकच पट्टी दाबून भाता मारत राहिले. शेजारचा धुळाप्पा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, आहे. तो अंथरुणातून ताडकन उठला, सदरा उलटा घातला आणि डबा घेऊन पळाला. गेटवर बघतो तर गेट बंद आणि पहारेकरी राखुंडीने दात घासतोय. तिथून आला तो थेट माझ्या दारात. “मावशी, तुमी भोंगा कवापासून झालासा?” त्याची बायको सिद्धम्मा मात्र खूश. लग्न झाल्यापासून नवरा पहिल्यांदाच हाका न मारता उठला होता. म्हणाली, “रोज वाजवा की मावशी! ह्यांला दुसऱ्या कशानं जाग येत न्हाय.” तेव्हापासून मी आमच्या चाळीचा भोंगा आहे. मला वाजवता येत नाही असं म्हणायची आता सोय नाही. एक माणूस माझ्या सुरावर रोज कामाला जातो.

पुढे बोटांनाही खोड लागली. विड्या वळताना मनात चाल चालू असायची. चाल संथ झाली की विडी जाड, चाल चढली की काडीसारखी. कारखान्यातल्या तपासनिसाने निम्म्या विड्या सुपातून काढून टाकल्या आणि विचारलं, “बाई, ह्या विड्या हायत का पिपाण्या?” मी म्हटलं, तूर्त दोन्ही. (त्या दिवशीपासून सुपाशी बसले की मनात काहीही म्हणत नाही.)

तर वर्षभरात काय आलं, ते ऐका. तुमच्या दादांनी स्वतः बसवलेली ती अभंगाची चाल, तिचा पहिला चरण. बास. तुमचं मंडळ एका बैठकीत करतं, ते मी एका वर्षात केलं. आधी भीती होती की ही चाल वाजवायला घेतली की रडू येईल. पण बोट चुकू नये याकडेच इतकं लक्ष असतं, की दिवसातला तेवढाच वेळ असा, जेव्हा त्यांची आठवण येते आणि तरी डोळे कोरडे राहतात.

असो. वस्तू तुमच्या घरची आहे. दसऱ्याला या. पेटी पुसून, खोळ धुऊन दाराशी ठेवते. (उचलताना गुडघा सांभाळा. ती दिसते त्यापेक्षा जड आहे, आणि एस.टी.वाले ती टपावरच टाकायला लावतील.)

बजाबाईंना माझी आठवण सांगा.

तुमची,
मुक्ता वहिनी

ता. क. – पाकीट चिकटवण्याआधी पत्र पुन्हा वाचलं. दाराशी ठेवते असं लिहिलं आहे ते खोटं आहे. ठेवणार नाही. पेटी देत नाही, भावजी. रागावायचं असेल तर गुडघा बरा झाल्यावर रागवा. नबीसाबांकडे एक जुनी पेटी आहे, आवाजाने हिच्याहून गोड. तुमच्या मंडळासाठी ती राखून ठेवायला सांगितली आहे.

ता. क. दुसरा – तरी दसऱ्याला याच. खरं काम पुढेच आहे. मला दुसरा चरण येत नाही. विसरले असं नाही, मी तो कधी ऐकलाच नाही. तुम्ही इथे मिलमध्ये होतात तेव्हा दर गुरुवारी भजन आमच्याकडे असायचं. पहिला चरण झाला की मी चहा टाकायला उठायची. स्टोव्ह पेटला की त्याच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू यायचं नाही, आणि मी कपबश्या घेऊन येईपर्यंत अभंग संपलेला असायचा. इतकी वर्षं असंच झालं. इथल्या तिघा भजनकऱ्यांना विचारलं, तर तिघांनी तीन चाली म्हणून दाखवल्या. तुम्ही दादांच्या मांडीला मांडी लावून म्हणायचात, तुम्हाला नक्की येत असेल. आवाज बसला असला तरी चालेल. एकदा म्हणून दाखवा. चहा मी आधीच करून ठेवणार आहे. गार प्यावा लागेल.