पंख्याची दोरी

२ मे
आलो बुवा एकदाचा! लोणावळ्यातल्या जुन्या बंगल्याचा राखणदार, शिवाय पाहुण्यांना बंगला दाखवायचा. मागं राहायला खोली. मालक सुहास सरांनी शब्द दिलाय, काम जमलं तर नोकरी पक्की. मग आरतीला वाडीवरून इथं आणायचं. लग्न झाल्यापासून बायको डोंगरात, मी गावोगाव मजुरीला, पुरे आता.

बंगला लय भारी. घाटात रेल्वे बांधणाऱ्या गोऱ्या साहेबानं उठवलेला. काळ्या दगडाच्या जाड भिंती, सागवानी तुळया, हॉलच्या छताला टांगलेला कापडी झालरीचा लांबलचक पंखा. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या व्हरांड्यात येते. पंखेवाला तिथं पडून ओढायचा. भोकं दोन आहेत, दोरी एकच.

४ मे
साहेबाची खुर्ची, बूट, काठी, सगळं सर कौतुकानं दाखवतात. पंखेवाल्याचं नाव विचारलं, तर म्हणाले, असेल कुणी वाडीवरचा. म्हणजे आमच्यातलाच की!

बाबांना फोन केला. ते म्हणाले, माझ्या आज्याचा बाप तितंच पंखा ओढायला गेलता, आला न्हाई. त्याला आणायला बायको गेली, तीबी आली न्हाई. तू घरी ये. घरी येऊन खाऊ काय, दगड?

७ मे
सरांची नवी टूम. पाहुण्यांपुढं मीच पंखेवाला. उताणं पडायचं, दोरीचा फास पायाच्या अंगठ्यात, पाय हलवत राहायचा. पाहुणे हसतात, फोटो काढतात. हसा लेको! पोट काय काय करायला लावतं.

९ मे
दुपारी हॉलला कुलूप होतं. दोरी सोडून जेवायला बसलो, तर तिला आतून हिसका बसला. मग आणखी जोरात. उघडून बघितलं. कुणी न्हाई. साहेबाच्या खुर्चीची गादी दबलेली, हात लावला तर गरम.

१० मे
पाहुणे गेले, फास निघेना. कोयता बोथट झाला. सर ओरडले, जुनी वस्तू आहे, कापायची नाही. आणि माझा अंगठा? पाय थांबला की आत काठी आपटते. सरांना ऐकूच येत न्हाई. लय भ्या वाटतंय.

११ मे
नोकरी पक्की झाली. सरांनी परस्पर आरतीला बोलावलंय. निघाली ती. फोन लागत न्हाई —

पाय माझा न्हाई आता. आपोआप —

दुसऱ्या भोकातून काहीतरी सरकतंय. दोरी. फास बारीक, बाईच्या पायाचा —

फाटक वाजलं. आरती, चप्पल काढू नको, माघारी —