जळालेल्या डोंगरावर धावडा

धारूर, भाद्रपद वद्य तृतीया, शके १८३५

तीर्थस्वरूप धुळाजीदादांस धाकट्या बंकटचा शिरसाष्टांग नमस्कार. आमी समदे खुशाल. सिरसाळ्यात वहिनी अन् लेकरं बरी असतील.

दादा, आपला डोंगर पुन्हा उभा राहिला!

वणव्याला चौदा सालं झाली. तवा तिथं निसती राख अन् काळे दगड होते. पयल्या साली कुसळी गवत आलं. मग तरवड पसरला, पिवळाधमक. पाखरांनी बोराच्या बिया टाकल्या, बोरीच्या जाळ्या झाल्या. त्या काट्यांत शेळीचं तोंड शिरंना, म्हणून आतली कडूलिंबाची रोपं वाचली. आता लिंब माझ्या डोक्यावर गेलेत, अन् त्यांच्या सावलीत कुसळी मरून गेली. काल तिथंच, वणव्यात जळालेल्या जुन्या रानातल्या धावड्याच्या झाडाचं रोप घावलं, वीतभर, कवळ्या पानांचं! कुणी लावलं न्हाई, कुणी पाणी घातलं न्हाई. मी एकटाच मोठ्यानं हसलो.

सांगायला पळतच चावडीवर गेलतो. आश्रुबा पाटील म्हणाले, "धुळाजीच्या चिलमीनं जाळलं, तरी देवानं परत दिलं."

माझं हसू तिथंच थांबलं. दादा, रानाची राखण तुमच्याकडं होती, म्हणून समद्यांनी आळ तुमच्यावर घेतला. तुमी गाव सोडलं. तुमचं गाठोडं घेऊन मी वेशीपर्यंत आलतो, तरी गप्प राहिलो.

वणवा लागला त्या दिवशी डोंगराच्या कपारीत मोहोळ होतं. मधापायी मी गवताची पेंढी पेटवली. माशा अंगावर उठल्या तशी पेंढी तिथंच टाकून पळालो. आग माझी होती, दादा.

काल चावडीत समद्यांसमोर हेच बोललो. पाटील ताडकन उठले.

"चौदा सालं गप कावून बसलास बे?"

"भ्यालो."

ते परत खाली बसले. मग पाटील हळूच म्हणाले, "आमी धुळाजीला काय तोंड दाखवावं? तूच लिही. त्याला म्हणावं, राखण अजून त्याचीच हाय."

माफी मागायची माझी हिंमत न्हाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन सिरसाळ्याला येतो. माझ्याशी बोलू नका, गाडीत पाठ करून बसा. पण रान बघायला चला.

तुमचं नाव जाळलेला, तुमचाच भाऊ,
बंकट