पेरायची सरकी

अकोला, शके १७९०

तीर्थरूप मायच्या पायांवर कौशल्येचे डोके.

मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. शाळेतल्या मुलींना माझा लळा लागला आहे. गाय व्याली का?

सरकी काढायला इथे वाफेचे यंत्र आल्यापासून तू घाबरली आहेस. "माहा रेचा आता चुलीत घालू काय, इचार तिले," हा तुझा निरोप गावाहून आलेल्या पुंजारामदादाने सांगितला. घरात शिकलेली मी पहिली, म्हणून मलाच विचारलेस. काल स्वतः जाऊन पाहिले. रेचा हाताने फिरवून तू महिनाभरात जेवढी सरकी काढतेस, तेवढी यंत्र एका दिवसात काढते, हे लपवत नाही. पण त्याची सरकी हातात घेतली, तर निम्मी फुटकी! कापूस घेऊन आलेल्या शेषराव पाटलांना विचारले, "ही पेरता येईल?"

"फुटकी कुठं उगवते, मास्तरीणबाई? हे ढोरायचं खाणं!"

तुझ्या हातरेच्यात सरकी फुटत नाही हे सांगितले, तर म्हणाले, "मंग मायले सांगा, बियाण्याचा कापूस तिच्याकडंच धाडतो."

तेव्हा रेचा मोडू नकोस. पुढे यंत्र सुधारेल, आणि सुधारावेच. बायांचे खांदे तरी वाचतील. तोवर बियाण्याचा हिशेब तुझा तुला ठेवता यावा म्हणून तुला लिहायला शिकवते. सुट्टीत येताना पाटी आणीन.

पत्र वाचून दाखवणाऱ्या वामनकाकांना नमस्कार.

तुझी लेक,
कौशल्या