मोडायला दिलेली लॅब

आई, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे मी कसलं काम करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. एखादा प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात भरतात, त्याला कंटेनर म्हणतात. असे ढीगभर डबे एकाच वेळी चालवायचे, एखादा बंद पडला की त्याच्या जागी दुसरा उभा करायचा, हे सांभाळणारी एक यंत्रणा असते. ती कशी चालवायची ते मी शिकवते. तुझा शिवणाचा क्लास देहूरोडच्या आपल्या स्वयंपाकघरात, दुपारची भांडी आवरली की भरायचा. माझा तुंगार्लीतल्या एका भाड्याच्या बंगल्यात भरतो.

आमच्या संस्थेत आजवर दणकट लॅपटॉप असेल त्यालाच प्रवेश मिळायचा, आणि मावळातल्या मुली तिथेच गळायच्या. मी हट्टाला पेटले आणि सगळी लॅब क्लाउडवर उभी केली. म्हणजे खरं काम दूरच्या मशीनवर चालणार, मुलींनी जुन्यापान्या लॅपटॉपवर नुसता ब्राउझर उघडायचा. प्रत्येकीला तिची वेगळी लॅब. शनिवारी चाचणी होती. ती जमली तर लॅपटॉपची अट जाणार, नाहीतर माझा हट्ट माझ्यापाशी.

बेडसे गावची एक सून आली होती. पदवीनंतर लग्न, मग मूल, मधे बरीच वर्षं गेलेली. लॅपटॉप नवऱ्याचा, बिजागरी चिकटपट्टीने धरलेली. सांगितलेली प्रत्येक कमांड तिने बिनचूक टाइप केली. मी खूश होऊन पुढे सरकणार, तोच ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून काय चुकलं तर दुसऱ्यांचंबी बंद पडंल का?"

"नाही, तुझी लॅब वेगळी आहे," मी म्हटलं खरं. पण कुणाच्या हातून काही बिघडू नये म्हणून पुसून टाकायची परवानगीच मी सगळ्यांची काढून ठेवली होती. केवढी माझी हुशारी! आणि तुझा क्लास मला समोर दिसायला लागला. नवी मुलगी कापडाला कात्री लावायला घाबरते आहे, तू तिच्यापुढे कालचा पेपर पसरतेस आणि म्हणतेस, "काप बिनधास्त. रद्दीच हाय." ती गळा वाकडा कापते, तू दुसरं पान देतेस. मी मधेच तिच्या हातातून कात्री ओढते, तर तू माझ्यावरच डाफरतेस, "तुला येतंय ते ठाव हाय मला. तिला कापू दे."

मी तिथल्या तिथे सगळ्यांना परवानगी दिली आणि म्हटलं, आता मोडा. तिने एक डबा उडवला, दुसरा आपोआप उभा राहिला. ती हसली. मग तिने डबे उभे करायची सूचनाच पुसली आणि स्क्रीन रिकामी झाली. तिचा चेहरा उतरला. माझा हात माऊसकडे गेला होता, आई. तो मी ओढणीत गुंडाळून बसले. ती चुकत राहिली, संस्थेचे साहेब घड्याळ बघत राहिले. शेवटी तिने सूचना स्वतःच नव्याने लिहिली आणि एकेक डबा परत चालू झाला. मला काही न विचारता तिने ते आधी शेजारणीला दाखवलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अट गेली. पुढच्या बॅचसाठी पवनेकडच्या मुली चौकशी करताहेत.

क्लास संपला की प्रत्येक लॅब बंद करायची असा नियम मीच केला आहे, नाहीतर क्लाउडचं भाडं चढत राहतं. त्या संध्याकाळी मी बाकीच्या सगळ्या बंद केल्या. हे पत्र कुठल्या टपालात पडायचं नाही, म्हणून तुला तेवढं सांगून ठेवते. बेडशाच्या सुनेची मात्र अजून चालू आहे.