गवताला निरोप

चि. दिव्या हिला आज्जीचा जय जिनेंद्र आणि पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे घरात ताठ उभे आहोत, तुझी आई सोडून. ती वाकलेली आहे. (हे वाक्य तुझी आई खोडत होती. मला अक्षर कळत नाही, पण खोडल्याचा आवाज कळतो.) तू बेळगावात वेळेवर जेवतेस का, दिवस मावळायच्या आत जेवतेस का, हे मी विचारत नाही, कारण उत्तर ऐकून मलाच जेवण जायचं नाही. फोनवर तुला ‘बरी आहेस का’च्या पुढं सवड नसते, म्हणून मी सांगते आणि तुझी आई लिहिती.

यंदा पावसानं उघडीपच दिली नाही आणि सोयाबीनपेक्षा गवतच जोमात आलं. भांगलणीला बाई मिळत न्हाय. मग तुझी आई एकटीच खुरपं घेऊन सरीत बसायची, ती संध्याकाळी उठताना आधी जमिनीला हात टेकायची, मग गुडघ्याला, मग देवाला. (उगीच वाढवून सांगते म्हणती. लिही गं तू.) शेवटी तुझे अण्णा म्हणाले, तणनाशक आणतो.

आता बघ, आपल्या घरात काकडीसुद्धा ‘काप’ म्हणत नाहीत, ‘सुधार’ म्हणतात. त्यात चातुर्मास. आणि ह्या बाटलीच्या नावातच नाश! मी म्हटलं, आण बाबा, व्रतापेक्षा सुनेची कंबर मोठी, पण ते नाव उंबऱ्याच्या आत नको, आणि ‘मारून आलो’ असं ओरडत तर घरात यायचंच नाही. तुझा भाऊ नेमू म्हणाला, मग ‘गवताचं औषध’ म्हणू. मी म्हटलं, औषधानं रोगी उठून बसतो रे, हा तर आडवाच होतो. आपला गडी परशराम म्हणाला, शेजारी उसात मारतात त्याचं नाव टू-फोर-डी. मी विचारलं, दोन काय, चार काय, आणि डी कोण?

“काय की आज्जी, गवताला कळतंय तेवढं बास!”

शेवटी मीच नाव ठेवलं, ‘निरोप’. गवत आलं, राहिलं, आता त्याला निरोप द्यायचा. घरभर तेच सुरू झालं. निरोप आणायला गेलाय, निरोप पंपात भरलाय, निरोपाचे हात साबणानं धू.

पण तुझे अण्णा इतके आज्ञाधारक निघतील असं वाटलं नव्हतं. दुकानातसुद्धा त्यांनी ते नाव घेतलं नाही. पिकाचंही नाव नाही. दुकानदार मारुतीरावांना म्हणाले, “रान स्वच्छ होईल असं काहीतरी द्या.” तेही भले माणूस, ह्यांचा नियम असेल म्हणून जास्त खोदून विचारलं नाही, आणि बांधावर मारतात ते दिलं. ते कुणाचीच गय करत नाही. आठवड्यात रान असं स्वच्छ झालं की सोयाबीनही दिसेना. निम्म्या रानात फवारलं होतं हे नशीब.

पुढं गवत परत आलं. सोयाबीन नाही आलं.

आता उरलेलं निम्मं रान वाचवायला तुझी आई पुन्हा खुरपं घेऊन बसती. दुखतंय का म्हटलं की म्हणती, “जरा अवघडलंय.” गवताचं मन राखायला आम्ही तीन दिवस शब्द शोधला. हिला एक ‘दुखतंय’ म्हणवत न्हाय.

सगळ्यांना आशीर्वाद.
तुझी आज्जी

ता. क. आई म्हशीच्या धारेला गेली. आता पेन तुझ्या अण्णांच्या हातात आहे. ऐक, विश्रांतीला चल म्हटलं तर ती यायची नाही. तू फोन कर आणि ‘मलाच बरं वाटत नाही, ये’ म्हण. आली की तिथल्या कॅम्पातल्या हाडांच्या डॉक्टरकडं ने. गवत मी आणि परशराम बघतो. (मी बांधावर बसून, तो रानात.)

आणखी एक. तुझे अण्णा विचारतात, मग भाकरी कोण थापणार? हे त्यांच्याच हातानं लिहून घेतलंय. खोडू दिलं नाही.

दिव्या, वरची ता. क. मी वाचली. मला काही झालेलं नाही, आज्जींचं काहीतरीच. पण तुला खरंच बरं नाही का गं? असं लपवू नये. उद्या पहिल्या गाडीनं निघते.
– आई